हर्डी-गर्डी काळी एकला जुळत नाही, मदत हवी आहे

रानवारा: रविवारी इथल्या मंडळात भजन आहे, गायिकेची पट्टी काळी एक (सी शार्प). माझ्या हर्डी-गर्डीची (हाताने चाक फिरवून तारा वाजवायचं, कळांचं युरोपीय वाद्य) खर्जाची तार काळी एकला लावली, ट्यूनर बरोबर दाखवतो, तरी चाल वाजवली की सगळं बेसूर. लवकर सांगा.

पंचम: फ्रेंच की हंगेरियन? कुठली तार कशाला लावली आहे? नुसतं बेसूर म्हटल्यावर काय कळणार?

तंबोरेवाले: जवारीचा दोरा, घोडीवर तारेखाली असतो तो, हलवून बघा. माझ्या मिरजेच्या तंबोऱ्यावर दोरा सूतभर सरकला तरी नाद बदलतो.

पंचम: इथे दोरा नसतो हो. चाक जिथे तारेला घासतं तिथे कापूस गुंडाळतात. झंकार येतो तो ट्रॉम्पेट नावाच्या तारेखालची सैल घोडी लाकडावर थरथरते म्हणून.

तंबोरेवाले: म्हणजे जवारीच की!

पंचम: नाही. जवारीत तार घोडीला घासते, इथे घोडीच हलते. रानवारा, तारांचं सांगा.

रानवारा: फ्रेंच, सी-जीची, म्हणजे सी आणि जी या सुरांना लावायची. खर्ज आणि ट्रॉम्पेट सीवरून सी शार्प केले. चालीच्या दोन्ही तारा आणि मुश (पंचमाची अखंड वाजणारी तार) जीलाच आहेत, नेहमीसारख्या.

मी_पुणेकर: गायिकेला पांढरी एकला गायला सांगा. अर्ध्या सुराने काय बिघडतं?

सुमनताई: अहो, तिच्या गळ्याची पट्टी आहे ती. साथ करणाऱ्याने गाणाऱ्याकडे जायचं असतं.

पंचम: सुमनताईंशी सहमत. रानवारा, सा काळी एक केलात, पण मुश पांढरी पाचलाच (जी) राहिली. म्हणजे भजनाखाली अखंड तीव्र मध्यम वाजतोय! पंचम सूर काळी चारला हवा. चालीच्या ताराही अर्धा सूर चढवून जी शार्प करा, मग बोटं बदलत नाहीत: मोकळी तार मंद्र पंचम, कळांच्या दोन्ही ओळी धरून पाचवी कळ सा. खुंटी हळू पिळा. जीचा मोठा बूर्दों (सर्वांत खालच्या सुराची अखंड वाजणारी तार) चाकावरून उचलून ठेवा.

कोकणी_माणूस: अशाच कळा बुलबुल तरंगला असतात ना? आमच्याकडे त्याला बेंजो म्हणतात, गणपतीत जोरात वाजतो. मुलीला शिकवायचाय, ठाण्यात कोणी आहे का?

रानवारा: चढवल्या. खर्ज आणि मुश छान मिळाले. चालीची एक तार मात्र वरच्या सप्तकात चढी लागते, खाली बरोबर आहे.

पंचम: एकच तार चढी, म्हणजे तिच्यावर कापूस जास्त झाला असेल. काढून नवा, पातळ गुंडाळा. तरीही चढी राहिली तर वरच्या सप्तकातल्या कळांवरची, त्या तारेला टेकणारी लाकडी पाती किंचित वळवा. जमलं नाही तर रविवारी ती तार चाकावरून उचला आणि एकाच तारेवर वाजवा. कापसाचा फोटो टाका.