एचसीएल फुटायला पाण्याचे चार रेणू पुरतात? मला हा आकडाच पटत नाही

गोठलेला_प्रोटॉन:
‘एचसीएलचा (हायड्रोजन क्लोराइडचा) एक रेणू आयनांत फुटायला पाण्याचे चार रेणू लागतात’ हे वाक्य सूत्रासारखं फेकलं जातं. आधार जर्मनीतल्या बोखुमच्या २००९ च्या प्रयोगाचा. हाफेनिट आणि मार्क्स यांच्या गटांनी ०.३७ केल्विनच्या हेलियम थेंबांत एचसीएल आणि पाणी एकत्र आणलं आणि २६७० प्रति सेमीजवळचा अवरक्त शोषणपट्टा हायड्रोनियमचा (प्रोटॉन जोडलेल्या पाण्याचा), म्हणजे एचसीएल फुटल्याची खूण मानला. त्या ओळखीवर नंतर वाद झालाच. पण पट्टा खरा धरला तरी ‘चार’ हा रेणूचा गुणधर्म नाही, तो त्या थेंबातल्या परिस्थितीचा आकडा आहे.

रेषा_आणि_पट्टे:
अहो, आकड्यामागे हिशोब आहे. वायुरूपात क्लोराइडची प्रोटॉन-आसक्ती (प्रोटॉन जोडला की सुटणारी ऊर्जा) १३९५ किलोज्यूल प्रति मोल, पाण्याची ६९१. म्हणजे आयन सुटे करायचे तर ७०४ चा खड्डा. बराचसा आयनांच्या आपसातल्या ओढीने भरतो, उरलेला बाकीच्या पाण्याने. तीन रेणूंवर हायड्रोनियमचा एक हायड्रोजन थेट क्लोराइडला चिकटलेला असतो, प्रोटॉनला परतायची वाट मोकळी. चौथा आला की हायड्रोनियमचे तिन्ही हायड्रोजन तीन पाण्यांकडे जातात आणि त्या तिघांचा एकेक हायड्रोजन क्लोराइडला धरतो. आता दोघांच्या मध्ये पाणी आहे. हा भूमितीचा टप्पा आहे, योगायोग नाही.

निर्वात_नळी:
भूमिती ठीक, पण थेंबात चारच आहेत हे कशावरून? रेणू पकडले जातात ते पॉयसाँ वितरणाने: सरासरी ठरवता येते, कुठल्या थेंबात किती ते योगायोगावर. पाण्याची सरासरी नेमकी चार ठेवलीत तरी बरोब्बर चार असलेले थेंब जेमतेम २० टक्के, आणि तीन असलेलेही तेवढेच. एचसीएलची सरासरी एक असेल तर दोन एचसीएलवाले थेंब एकवाल्यांच्या निम्मे. ती ०.३ वर आणा, प्रमाण १५ टक्क्यांवर येतं, पण सिग्नल ४० टक्के जातो. त्यात प्रत्येक पाणी चिकटताना सुटणारी ऊर्जा पाचसहाशे हेलियम अणू उडवते. ३००० अणूंचा थेंब घेतलात तर चार पाण्यांनंतर तो इतका रोडावतो की पुढचे रेणू पकडण्याची शक्यताच बदलते आणि वरचं वितरणही कोलमडतं. वस्तुमानमापकावर विसंबाल तर आणखी पंचाईत: आयनीकरणात क्लोरीन निघून जातं, मागे राहतो प्रोटॉनयुक्त पाण्याचा गुच्छ, आणि शुद्ध पाण्याचा गुच्छही त्याच वस्तुमानावर दिसतो. म्हणून दोन्ही वायूंचे दाब वेगवेगळे बदलून पट्टा कसा चढतो ते पाहायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

गोठलेला_प्रोटॉन:
आणि क्रम? बोखुमच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं की एचसीएलवर पाणी एकेक करून आलं तर प्रोटॉन सुटतो. आधीच जुळलेल्या चार पाण्यांवर एचसीएल शेवटी आलं तर ते न फुटता तसंच राहतं. सुटलेली उष्णता हेलियम लगेच ओढून घेतं, अडथळा ओलांडायला काही उरत नाही.

रेषा_आणि_पट्टे:
वाट अडली म्हणून घराची जागा बदलत नाही. स्थिरतम रचना तीच, तुम्ही गतिकी सांगताय.

बेरीजवाला:
ते ‘स्थिरतम’ कुणाच्या गणिताने? फुटलेल्या आणि न फुटलेल्या रचनेतला फरक काही किलोज्यूलचा. नेहमीची घनता-फलनकं (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची सूत्रं) प्रोटॉन सरकण्याचा अडथळा कमी दाखवतात, त्यामुळे तीन पाण्यांवरही ‘फुटलं’ असं उत्तर मिळू शकतं. शून्यबिंदू ऊर्जा (शून्य केल्विनलाही कंपनात उरणारी) तर सोडूच नका: एचसीएलचं ताणकंपन २८८६ प्रति सेमी, त्याचं अर्धं म्हणजे १७ किलोज्यूल, एका कंपनातच! ती हार्मोनिक गणिताने (बंध म्हणजे आदर्श स्प्रिंग समजून) धराल तर दोन रेणूंनी वाटून घेतलेल्या प्रोटॉनवर फसाल. झुंडेल आयनाचा (दोन पाण्यांमध्ये एक प्रोटॉन) १००० प्रति सेमीजवळचा दुहेरी पट्टा नीट उलगडला तो २००७ मध्ये, पंधराही मितींत पुंजगतिकी चालवल्यावर.

रेषा_आणि_पट्टे:
शून्यबिंदूचं मान्य. पण आकडा फेकून द्यायचं कारण नाही, त्यापुढे अट लिहा: शून्य केल्विन, स्थिरतम रचना, शून्यबिंदूसह.

गोठलेला_प्रोटॉन:
मग ती अट प्रयोगात कधीच पाळली जात नाही, हेही लिहा. ब्रोमाइडची आसक्ती १३५४, खड्डा ४१ ने उथळ. एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घेऊन आधी पाणी, मग आम्ल असा क्रम लावा. तिथेही ते न फुटता राहिलं, तर तुमचा हिशोब थेंबातलं काय सांगतो?