स्पेनचा समुद्र: गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईसाठी सिट्जेस की अलिकांते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि मी असे चौघं स्पेनला जायचं म्हणतोय. बार्सिलोनाला उतरायचं, साग्रादा फामिलिया हे चर्च वगैरे बघायचं, मग आठवडाभर समुद्राकाठच्या एकाच गावात मुक्काम आणि माद्रिदहून परत. एवढं पक्कं आहे. गाव ठरत नाहीये.

आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. सपाटीवर ती काठी घेऊन व्यवस्थित चालते. पायऱ्या आणि उतार जमत नाहीत, आणि मऊ वाळूत तर पाय रुतून तोलच जातो. तिचं बालपण मालवणात गेलं, पण हल्ली तिथे गेलो तरी वाळू सुरू होते तिथेच खुर्ची टाकून बसते. स्पेनमध्ये तुला काय बघायचंय असं विचारलं, तर म्हणाली, "मला पाण्यात पाय बुडवता येतील ना, तेवढं बघ." बाकी हॉटेल किती तारांकित, पोहण्याचा तलाव आहे की नाही, हे माझ्या लेखी नंतरचं.

आधी तारखांबद्दल सांगते, कारण 'मेमध्येच जा, शाळेला सुट्टी असते' असं बरेच जण सुचवतात. मे महिन्यात कोकणातलं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, तर स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर ते १७ ते १९. ऊन कडक असतं, फोटो सुंदर येतात, पण लेक दोन मिनिटांत कुडकुडत बाहेर येईल. तिथला समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, म्हणून ऑक्टोबरातलं पाणी मेपेक्षा उबदार असतं. पण दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात सरकली की तोही फायदा जातो आणि सूर्य सहाच्या आत मावळतो. शिवाय त्या किनाऱ्यावर शरद ऋतूत एकाएकी ढगफुटीसारखा पाऊस होतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला वालेन्सिया भागातल्या पुरात दोनशेच्या वर माणसं गेली. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप तिथे उतरतो आणि भाडी परवडत नाहीत. म्हणून जूनचा पहिला आठवडा. शाळा उघडायच्या आत परत येता येतं आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

आता गावं. सर्वात आधी मनात भरला होता तो कोस्टा ब्रावा, म्हणजे ब्लानेसपासून वर फ्रान्सच्या सीमेपर्यंतचा किनारा. पाइनच्या झाडीखाली लपलेल्या खडकाळ खाड्या, तोसा द मारची समुद्राला लागून असलेली जुनी तटबंदी, चित्रकार दालीचं घर ज्या गावाजवळ आहे ते कादाकेस. पण या गावांना रेल्वे नाही, वाळू जाडीभरडी, कित्येक ठिकाणी पाणी चटकन खोल होतं आणि कादाकेसच्या गल्ल्या दगडी आणि चढाच्या. दोघंच जाणार असतो तर डोळे मिटून तिकडे गेलो असतो.

दक्षिणेला मालागाजवळच्या नेर्खा गावाचंही तसंच. बाल्कोन दे एउरोपा नावाच्या कड्यावरच्या सज्जातून दिसणारा समुद्र, १९५९ साली सापडलेल्या गुहा, सगळं हवंहवंसं. पण गाव कड्यावर आणि पुळणी खाली. रोज पायऱ्या नाहीतर चढ. शिवाय मालागाच्या बाजूला अटलांटिकचं पाणी आत येत असल्याने समुद्र जास्त गार असतो. त्याच किनाऱ्यावरचं फुएन्खिरोला सपाट आहे आणि मालागा विमानतळावरून थेट लोकल जाते, पण बार्सिलोनाहून ते फारच दूर पडतं.

राहिली दोन.

सिट्जेस बार्सिलोनाहून लोकलने पाऊण तासाच्या आत. सामान घेऊन फार वणवण नाही, हा मोठा फायदा. समुद्राला लागून लांबलचक सपाट फरसबंदी रस्ता, टोकाला उंचवट्यावर चर्च, दगडी बांधांमुळे लाटा मवाळ. लेकीला एक दिवस सालूजवळच्या पोर्टअव्हेंचुरा या मनोरंजन उद्यानात नेता येईल. पण गाव लोकप्रिय आहे, राहणं महाग आहे आणि रात्री उशिरापर्यंत रस्ते जागे असतात. आई साडेनऊला झोपते.

अलिकांते बार्सिलोनाहून आगगाडीने पाच तासांच्या आसपास, पण पुढे माद्रिदला जलदगाडीने अडीच तासांत पोचतो. पोस्तिगेतची पुळण शहराला लागूनच आहे. तिथून एक्सप्लानादा सुरू होतो: लाल, काळ्या आणि पांढरट संगमरवरी तुकड्यांच्या लाटा काढलेला, माडासारख्या उंच झाडांच्या रांगांमधला सपाट रस्ता. संध्याकाळी सगळं गाव तिथे फिरायला येतं आणि बसायला जागा आहे. आईला हे नक्की आवडेल. वरच्या सांता बार्बरा किल्ल्यावर जायला पुळणीसमोरच्या बोगद्यातून डोंगराच्या पोटात शिरून उद्वाहन आहे, म्हणजे किल्लासुद्धा तिला बघता येईल! (रायगडाच्या रोपवेनंतर तिने किल्ल्यांचा नाद सोडलेला नाही.) ट्रामने थोडं वर गेलं की सान हुआनची रुंद, बारीक वाळूची पुळण. ताबार्का बेटावर होडी जाते, तिथलं पाणी १९८६ पासून संरक्षित आहे. लेकीला मासे बघायला तिथे न्यायचं आहे.

जेवणाचं मी थोडं शोधून ठेवलंय. आई अंडंही खात नाही, त्यामुळे बटाट्याची तोर्तिया बाद. साध्या सॅलडवरही ट्यूना घालून देतात आणि 'मांस नको' म्हटलं तरी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, म्हणून प्रत्येक पदार्थाचं वेगळं विचारावं लागतं. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरच्या, तळलेल्या हिरव्या मिरच्या हे चालेल. रात्रीची स्वयंपाकघरं साडेआठनंतर उघडतात, तोवर आईचं जेवण व्हायला हवं. म्हणून हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घेणार. अलिकांतेची मोठी मंडई शहराच्या मध्यातच आहे, ही जमेची बाजू.

माझा कल अलिकांतेकडे आहे हे कळलंच असेल. तरी पैसे भरण्याआधी तिथे राहिलेल्यांकडून हे हवंय. स्पेनच्या बऱ्याच पुळणींवर वाळूवरून लाकडी वाट घातलेली असते, आणि फुगीर चाकांच्या, पाण्यात तरंगणाऱ्या खुर्चीत बसवून मदतनीस ज्येष्ठांना समुद्रात नेतात. पोस्तिगेत आणि सान हुआनला ही सोय जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेली असते का? लाकडी वाट पाण्यापासून किती पावलं अलीकडे संपते? वाळू ओली आणि घट्ट असेल तर तेवढं अंतर मी आणि नवरा तिला दोन्ही बाजूंनी धरून नेऊ. सिट्जेसला कुणी हे पाहिलं असेल तर तेही सांगा. आणि घर पोस्तिगेतजवळ घ्यावं की सान हुआनला? जुन्या वस्तीत रात्री गोंगाट असतो असं ऐकलंय.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. कॅनरी बेटं सुचवणाऱ्यांसाठी: हिवाळ्याला उत्तमच, पण मुख्य भूमीवरून आणखी अडीच-तीन तासांचं विमान आईला नको. बेनिदोर्मची सूचना मी आधी मनावर घेतली नव्हती, गगनचुंबी इमारतींमुळे. पण पुळणीलगतचा रस्ता पूर्ण सपाट आणि अलिकांतेहून ट्राम, हे वाचून तिथली घरंही बघतेय. व्हिसाचं विचारलंय त्यांना: मुक्काम स्पेनमध्येच असल्याने अर्ज स्पेनकडेच. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

लाकडी वाटेबद्दल मात्र अजून कुणी लिहिलेलं नाही. गेल्या एक-दोन वर्षांतला त्या पुळणीचा फोटो असेल, वाट आणि पाणी दोन्ही दिसणारा, तर कृपया इथे टाका. घर रविवारपर्यंतच राखून ठेवलंय.