फिक्सीवर पैसे घालायचे कुठे? भारी क्रँकवर की शिवून घेतलेल्या फ्रेम बॅगवर?

कसब्यातला_फिक्सी

सध्या जो तो विचारतोय की जुन्या स्टीलच्या फ्रेमवर फिक्सी (एकच गिअर, आणि चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतच राहतात अशी सायकल) बांधायचीय, बजेट बेताचं आहे, काय घेऊ. उत्तरं ठरलेली, सुगिनो ७५ क्रँक (पॅडलचा दांडा) घे, डीप रिम (उंच कडेची) घे, जमलं तर एनजेएसचा शिक्का असलेलं सामान शोध, आणि पोरगं बिचारं क्रँकवरच अर्धं बजेट उडवून मोकळं होतं, मागच्या चाकाला मात्र साधा फ्रीव्हीलचा (पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राचा) हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, आणि त्यावर फिरवून बसवलेला कॉग, म्हणजे मागचं दातेरी चक्र.

माझं मत सरळ आहे. पहिले पैसे मागच्या हबवर, कॉगवर आणि कॉग जागेवर धरणाऱ्या लॉकरिंगवर. मग पुढचा ब्रेक. मग टायर. आणि यानंतर, हसा पाहिजे तर, फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी, मापात शिवून घेतलेली फ्रेम बॅग. क्रँक सगळ्यात शेवटी.

एनजेएस एनजेएस जे चाललंय तो शिक्का केइरिनचा. जपानमध्ये १९४८ ला कोकुरामधून सुरू झालेली शर्यत, लोक तिच्यावर पैसे लावतात, म्हणून सगळ्यांचं सामान मंजूर यादीतलंच लागतं, कुणाला वेगळा फायदा नको. त्यांच्या ट्रॅकवर स्पीडब्रेकर नाही, पीएमपीची बस नाही, ड्रेनेजचं झाकण नाही. तो शिक्का घेऊन मी लक्ष्मी रोडवर काय करू?

आणि बॅग का, तर ट्रॅक फ्रेमला बाटलीच्या पिंजऱ्याची भोकंच नसतात. कॅरियर नाही. मागचं चाक नटाचं, म्हणजे १५ चा पाना बरोबर पाहिजेच, तो नसेल तर पंक्चर झाल्यावर हातात सायकल धरून घरी. पाना, ट्यूब, पंप, पाणी, हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये टाकून एप्रिलमध्ये बोपदेव घाट चढून बघा एकदा.

जुनाट_फ्रेम

हबचं बोललास ते शंभर टक्के. बाकीचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्रीव्हीलचा हब आणि ट्रॅक हब (फिक्सीचा खरा हब) यांचा कॉगचा आटा एकच असतो, १.३७ इंच, इंचाला २४ आटे, म्हणून कॉग त्यावर आरामात बसतो आणि लोकांना वाटतं काम झालं. पण ट्रॅक हबला त्याच्याबाहेर अजून एक लहान आटा असतो, उलटा, डाव्या हाताचा, त्यावर लॉकरिंग बसतं. पाय मागे दाबून सायकल थांबवायला गेलं की कॉग सुटायच्या दिशेला जोर जातो, आणि लॉकरिंग उलट्या आट्याचं असल्यामुळे त्याच जोरानं अजून घट्ट होतं. साध्या हबवर हे नाहीच. बॉटम ब्रॅकेटची (क्रँकच्या आसाची) रिंग आणि लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवायचा गोंद, लावून चालवणारे आहेत, तिकडे इंग्रजीत त्याला सुसाइड हबच म्हणतात, नाव उगाच नाही पडलं. आपल्याकडे तर फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून फिक्सी झाली म्हणणारे पण बघितलेत!! अरे वेल्डिंगनं फ्रीव्हील जाम होईल, ते हबवरून सुटायचं कसं थांबेल?

आता क्रँकवर येतो. तू क्रँकला दिखावा समजतोयस, तसं नाहीये. फिक्सीला चेन ताणून धरायला डिरेलर (गिअर बदलणारा भाग) नसतो, आणि स्प्रिंगवाला टेन्शनर लावताच येत नाही कारण पाय मागे दाबला की खालची चेन ताणली जाते आणि तो उखडतो. म्हणजे चेन किती ताणायची हे एकदाच चाक मागे ओढून ठरवायचं. आता स्वस्तातल्या क्रँकचं चेनव्हील, म्हणजे पुढचं दातेरी चक्र, गोल नसेल तर एका जागी चेन तटतटीत, अर्धा फेरा फिरवला की लोंबतेय. लोंबली की पडते. साध्या सायकलची चेन पडली तर हात काळे होतात, फिक्सीची पडली तर चेन कॉगमध्ये अडकून मागचं चाक जाम होऊ शकतं, उतारावर. सुगिनोचे पैसे या गोलाईचे आहेत, शिक्क्याचे नाहीत.

कसब्यातला_फिक्सी

गोलाईचा मुद्दा मान्य, पण त्याला सुगिनोच कशाला? पाच बोल्टवालं चेनव्हील असेल तर बोल्ट थोडे सैल करायचे, क्रँक फिरवत जिथे चेन तटते तिथे चेनवर हलकं टिचकवायचं, चेनव्हील सरकून मध्यावर येतं, मग बोल्ट आवळत जायचं एकाआड एक. हे कुठलाही धीराचा माणूस करू शकतो. हां, चेनव्हील क्रँकला रिव्हेट मारून बसवलेलं असेल तर गेली सोय, तसली क्रँक घेऊच नका.

आणि सुगिनो ७५ ला बोल्टचा घेर १४४ मिलिमीटरचा. १४४ वर ४१ दात्यांच्या खाली चेनव्हील येतच नाही. १३० च्या घेराची साधी क्रँक घेतली तर ३८ पर्यंत जाता येतं. घाटाच्या गावात कुठली कामाची?

कोल्हापुरी_चेनव्हील

मागं १९ चा कॉग लाव की मर्दा, पुढं कशाला कमी करतोस

मंजिरी_ब्रेव्हे

मी फिक्सी चालवत नाही, सिंगल स्पीडवर ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांबच्या राइड) करते, म्हणजे गिअर एकच पण फ्रीव्हील आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो तर थांबून सॅक काढ, वस्तू शोध, सॅक घाल यात. म्हणून फ्रेम बॅगच्या बाजूनं माझं मत आहे, पण फिक्सीवाल्यांना एक गोष्ट सांगते जी या धाग्यात कुणी काढली नाही अजून. तुमचे पाय थांबतच नाहीत. आमची बॅग फुगली तर उतारावर पाय आडवे धरून निवांत जाता येतं, तुमचा गुडघा प्रत्येक फेऱ्याला बॅगला घासणार, चढावर पण, उतारावर पण. त्यामुळे तयार बॅग घेण्यापेक्षा शिवून घ्या, आणि शिवून घेताना रुंदी ६ सेंटीमीटरच्या वर जाऊ देऊ नका, सीटच्या बाजूला तर अजून कमी, हँडलकडे थोडी जास्त चालेल. आतमध्ये मध्ये एक उभा पट्टा शिवून घ्या जो दोन्ही बाजूंना धरून ठेवेल, नाहीतर पाण्याची पिशवी टाकली की माशाच्या पोटासारखी फुगते.

माप घ्यायला पुठ्ठा वापरा, कागद नको, कागद वाकतो. पुठ्ठा फ्रेमच्या आत बसवून कापायचा आणि मग चारी बाजूंनी ५ ते ८ मिलिमीटर कमी करायचा, कारण शिवणीची जाडी असते. हे नाही केलं तर बॅग बसते पण झिप ताणून लागते, आणि ताणलेल्या झिपचा रनर लवकर जातो.

ठाणेकर_पॅडल

मला हा सगळा प्रकारच कळत नाही. फिक्सी कशासाठी असते? कमी सामान, हलकी, स्वच्छ रेषा, बघितल्यावर डोळे निवले पाहिजेत. तिच्यात मधोमध तिकोनी थैली कोंबायची म्हणजे भाजी आणायला निघाल्यासारखं. १५ चा लहान पाना मिळतो, एक ट्यूब, दोन लिव्हर, सीटखालच्या छोट्या पाऊचमध्ये सगळं मावतं. पाणी दुकानात मिळतं. ज्यांना २०० किलोमीटर जायचंय त्यांनी गिअरची सायकल घ्यावी ना, टूर द फ्रान्सवाल्यांनी पण १९३७ साली डिरेलर चालू दिला शेवटी.

अजून एक, फ्रेम बॅग लावली की सायकल खांद्यावर घेता येत नाही. माझ्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही. रोज दांडीतून खांदा घालून वर नेतो. फुल बॅग असती तर मी काय डोक्यावर नेऊ?

आऊट_काढणारा

मी दुकानात चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतो, त्यामुळे थोडं माझ्या बाजूनं. डीप रिम घेऊन येतात, छान दिसते, स्टिकर छान. वजनदार असते आणि ३२ तारा चांगल्या ताणून बांधल्या नसतील तर खड्ड्यानं आऊट येतोच, रिम कितीही उंच असू दे. साधी डबल वॉल रिम, ३६ तारा, हातानं नीट बांधलेलं चाक, याच्याएवढी वसुली कशातच नाही. कॉग पण बघून घ्या. पत्र्यातून ठोकून काढलेला पातळ कॉग येतो, त्याला आटे कमी, ॲल्युमिनियमच्या हबचे आटे तो खातो आणि मग कॉग नाही, हब बदलायला लागतो. मशीनवर कातलेला क्रोमोली स्टीलचा घ्या. चेन १/८ इंच रुंदीची घेतली तर कॉग, चेनव्हील सगळं १/८ चंच घ्या, ३/३२ ची चेन १/८ च्या दात्यांवर बसत नाही.

बॅगचं मला माहीत नाही. पण बॅगच्या वेल्क्रोखाली माती साचून फ्रेमचा रंग जातो हे बघतो नेहमी. खाली पारदर्शक टेप मारत जा.

लंडनमधला_सोलापूरकर

ब्रेकला दुसऱ्या नंबरवर टाकलंय ते वाचून बरं वाटलं. इथे १९८३ चे नियम आहेत, रस्त्यावरच्या सायकलला दोन वेगवेगळे ब्रेक लागतात, फिक्सीचं मागचं चाक एक ब्रेक म्हणून धरतात, म्हणजे पुढचा लागतोच. २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या एकानं रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली, ती दगावली, आणि २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली, ती पण १८६१ च्या कायद्याखाली, घोडागाड्यांच्या जमान्यातल्या. त्यामुळे ब्रेक नसलेली फिक्सी दिसायला छान वगैरे कुणी बोललं की मी तिथून उठतो.

जुनाट_फ्रेम

हिशोब करून बघा की. ४६ पुढे, १७ मागे, २५ चा टायर, एका फेऱ्यात सायकल साधारण ५.७ मीटर जाते. घाट उतरताना ४५ चा स्पीड आला म्हणजे मिनिटाला १३० च्या वर फेरे. पाय थांबवायची सोय नाही. नुसत्या पायांनी हे आवरणार म्हणतात ते एकतर फार भारी रायडर असतात किंवा उतरलेलेच नसतात.

स्किड करणाऱ्यांनी, म्हणजे पायांनी मागचं चाक जाम करून घसरत थांबणाऱ्यांनी, दाते पण बघून घ्या, ४८-१६ लावलं तर भाग जातो ३-१, म्हणजे प्रत्येक स्किडला टायरची तीच एक जागा घासणार, थोड्याच दिवसात आतले दोरे दिसतील. ४८-१७ केलं तर १७ जागांवर वाटलं जातं. एका दात्याचा फरक, पैशाचा शून्य. टायरचे पैसे वाचवायचे तर इथे वाचवा, बॅग शिवून नाही.

नाशिकचा_डबलसीट

शिवून घ्यायची तर कुणाकडून? विकतच्या कस्टम बॅगांचे भाव बघितले, अलास्कातल्या रेव्हेलेटचे वगैरे, शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरून तेवढ्यात दुसरी जुनी सायकल येईल. त्याला व्हॅल्यू फॉर मनी म्हणत असाल तर अवघड आहे.

कसब्यातला_फिक्सी

तिकडून कशाला मागवताय. मोटरसायकलच्या सीटकव्हरवाल्याकडे जा. त्याच्याकडे जाड मशीन असतं, जाड सुई असते, रेक्झिनचे चार थर शिवायची सवय असते. साध्या कपड्याच्या टेलरकडे गेलात तर त्याची सुई मोडेल आणि तो तुम्हाला परत उभा करणार नाही. कापड तुम्ही न्या, ५०० किंवा १००० डेनियरचं कॉर्ड्युरा, आतून पाणी अडवणारं पीयू कोटिंग असलेलं. दोरा नायलॉनचा, सुती दिला तर पहिल्या पावसाळ्यात कुजतो. झिप ८ किंवा १० नंबरची, ५ नंबरची स्वस्त पडते पण धुळीत टिकत नाही. माझ्या बॅगला सगळं मिळून दोन हजारांच्या आत आलं आणि त्याच माणसानं उरलेल्या पट्ट्यातून पॅडलचे फूट स्ट्रॅप शिवून दिले, कारच्या जुन्या सीटबेल्टचे. ते विकत घ्यायला गेलं तर किंमत ऐकून चक्कर येते.

ठाणेकर, तुमच्या तिसऱ्या मजल्याचं उत्तर हाफ बॅग. वरच्या दांडीला लटकणारी, खाली अर्धा त्रिकोण मोकळा, खांदा जातो.

ठाणेकर_पॅडल

दांडीलाच बॅग, आणि खांद्यावर काय येतं? दांडीच ना? म्हणजे पाना डायरेक्ट खांद्याच्या हाडावर. तुमच्या कसब्यात तळमजला असेल.

मंजिरी_ब्रेव्हे

😂 हा पॉइंट आहे. हाफ बॅग उलटी शिवून घ्या, खालच्या तिरक्या पाइपवर बसणारी, वर दांडीखाली जागा मोकळी राहील. वेल्क्रोपेक्षा दोरीनं आवळायची केली तर खांद्याला पट्टे पण टोचणार नाहीत. फक्त पावसात खालचं चिखलाचं पाणी सगळं तिच्यावर येणार, त्यामुळे तळाला ताडपत्रीचा तुकडा लावून घ्या, ट्रकवाल्यांची जी असते ती. आणि कॉर्ड्युरा वॉटरप्रूफ म्हणून विसंबू नका, कापडातून पाणी येत नाही, सुईच्या भोकांतून येतं, झिपमधून येतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच आत टाकायचा.

कोल्हापुरी_चेनव्हील

येवढं शिवून घेण्यापेक्षा कॅरियर लाव की सरळ

जुनाट_फ्रेम

कॅरियर लावायला मागे भोकं लागतात, ट्रॅक फ्रेमला ती पण नसतात. पण जुन्या रोड फ्रेमवर फिक्सी बांधली असेल तर असतात, आणि बाटलीची पण असतात बऱ्याचदा. म्हणजे धागा ज्या पोरांसाठी काढलाय, जुन्या स्टीलच्या फ्रेमवर बांधणाऱ्या, त्यांना, कसब्यातल्या, तुझं बॅगचं कारण अर्धं लागूच पडत नाही. फ्रेमला भोकं असतील तर पिंजरा लावा, सीटखाली पाऊच, आणि बॅगचे दोन हजार कॉगमध्ये आणि चांगल्या चेनव्हीलमध्ये घाला.

कसब्यातला_फिक्सी

भोकं असली तरी लहान साइझच्या फ्रेममध्ये दोन बाटल्या मावत नाहीत हो. पण बरं, भोकंवाल्यांसाठी बॅग टायरच्या नंतर नाही, अजून एक नंबर खाली. क्रँकच्या वरच पण.

आऊट_काढणारा

क्रँक कुठलीही घ्या, घालताना स्पिंडल, म्हणजे क्रँक बसते तो आस, जेआयएस मापाचा आहे की आयएसओ मापाचा एवढं विचारा दुकानदाराला. सुगिनो ७५ आयएसओची आहे, आपल्याकडे पडून असलेले बॉटम ब्रॅकेट बहुतेक जेआयएसचे. बसते दोन्ही, पण वेगळ्या खोलीवर, मग चेनलाइन, म्हणजे पुढून मागे चेनची सरळ रेष, सरकते आणि चेन आवाज करते म्हणून माझ्याकडे येतात.