न्यूट्रॉन ताऱ्यातली ऊर्जा बेरजेत जास्त का भरते?

प्रश्न:
दोन आठवडे एकाच गणितावर अडकलोय. न्यूट्रॉन तारा (फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा) घेतला, वस्तुमान १.४ सूर्य, त्रिज्या १२ किमी. प्रत्येक थराची ऊर्जा-घनता वक्र अवकाशातल्या खऱ्या घनफळाने गुणून बेरीज केली. ती बाहेरून कक्षेवरून मोजलेल्या वस्तुमानापेक्षा बरीच जास्त येते. तीनदा तपासलं. जास्तीचं गेलं कुठे?

उत्तर १:
गणित बरोबर आहे, खोडू नका! सूत्रातली त्रिज्या परिघावरून येते, आत पट्टी टाकून नाही. तुमच्या ताऱ्याच्या पृष्ठभागाशी ती १०० मीटरने वाढायला पट्टीवर जवळपास १२४ मीटर जावं लागतं. म्हणून घनफळ जास्त भरतं. गुरुत्वाची बंधन-ऊर्जा (ताऱ्याला एकत्र बांधून ठेवणारी) ऋण असते, ती हा वाढावा खाऊन टाकते.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. २३ फेब्रुवारी १९८७ ला मॅजेलनच्या मोठ्या मेघातल्या, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या, फुटलेल्या ताऱ्याचे जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो (द्रव्यातून जवळपास आरपार जाणारे कण) पृथ्वीवर टिपले गेले. त्यांवरून काढलेली एकूण ऊर्जा सुमारे १० च्या ४६ व्या घाताच्या तिप्पट ज्यूल, म्हणजे सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण सहावा हिस्सा. गाभा कोसळून घट्ट बांधला गेला, त्याची ही किंमत. एवढ्याशा कणांतून हे कळलं, याने मी अजून थक्क होतो.

उत्तर २:
दाब विसरू नका. तोही गुरुत्व निर्माण करतो, आणि न्यूट्रॉन ताऱ्यात तो किरकोळ नसतो.

प्रश्नकर्ता:
मग ती ऋण ऊर्जा नेमकी कुठल्या थरात असते?

उत्तर १:
थर दाखवता येत नाही. ज्या बिंदूवर बोट ठेवाल, तिथे मुक्तपणे पडणाऱ्याला गुरुत्व जाणवतच नाही. मग तिथली त्याची ऊर्जा कशी सांगणार? ऊर्जा-संवेग टेन्सर म्हणजे गुरुत्व कशाकशातून निर्माण होतं त्याचा तक्ता; त्याच्या दहा स्वतंत्र घटकांत द्रव्य, प्रकाश, दाब, सगळं येतं, पण गुरुत्वाच्या स्वतःच्या ऊर्जेला रकाना नाही. एकूण हिशोब दूरवर, अवकाश सपाट होत जातं तिथे करायचा. आर्नोविट, डेझर आणि मिझ्नर या भौतिकशास्त्रज्ञांची एकूण वस्तुमानाची व्याख्या तीच.

१४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या गुरुत्वलहरींचं उदाहरण घ्या. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांची कृष्णविवरं एकत्र आली, उरलं ६२ चं. बाँडी या शास्त्रज्ञाची व्याख्याही दूरवरूनच मोजते, पण निघून गेलेल्या लहरी वगळून; तिचं वस्तुमान लहरी निघून जातात तसं ३ सूर्यांनी घटतं. आर्नोविट-डेझर-मिझ्नरचं मात्र तेवढंच राहतं, कारण त्यात निघून गेलेल्या लहरीही मोजलेल्या असतात.