तिसरी-चौथीच्या जोडवर्गात वर्तनाचे नियम सर्वांना सारखेच लावावेत का? मदत हवी आहे

नमस्कार. दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवरील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. तिसरी आणि चौथी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात; पट 22 आहे. निम्म्याहून अधिक मुले मच्छीमार कुटुंबांतील, काही वरच्या वाडीतील बागायतदारांची आणि तीन मुले चिरेखाणीवर (जांभा दगडाच्या खाणीवर) कामाला आलेल्या कानडी कुटुंबांतील आहेत. एका इयत्तेला फळ्यावर शिकवत असताना दुसरीला आपापले काम करावे लागते, आणि गडबड बहुतेक वेळा तेव्हाच होते.

जूनमध्ये मुलांशी बोलून आम्ही चार नियम ठरवले होते: कोणाला मारायचे नाही, न विचारता कोणाची वस्तू घ्यायची नाही, कोणी बोलत असताना मध्येच ओरडायचे नाही आणि बाई दुसऱ्या इयत्तेला शिकवत असताना जागा सोडायची नाही. नियम मोडणाऱ्याचे नाव वर्गमंत्र्याने फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि दिवसात तीनदा नाव आले की त्या दिवशी खेळाचा तास बंद, अशी पद्धत होती. ती सर्वांना सारखी आहे, म्हणून न्याय्य आहे, असे मला मनापासून वाटत होते.

गणपतीच्या सुटीनंतर गोंधळ वाढला, तेव्हा मी पंधरा दिवस एक वही ठेवली. कोणाचे नाव आले, किती वाजता आले आणि त्याआधी वर्गात काय चालले होते, एवढेच तीत लिहिले. त्या वहीने मला अस्वस्थ केले आहे. नावे एकूण 34 वेळा आली आणि त्यांपैकी 25 वेळा ती चारच मुलांची होती. त्या चौघांपैकी दोघे चिरेखाणीवरचे असून त्यांच्यापुढे जवळजवळ प्रत्येक वेळी ‘जागा सोडली’ असेच कारण आहे. नीट पाहिल्यावर लक्षात आले की, मी मराठीत एकदाच दिलेली सूचना त्यांना कळत नाही, म्हणून काय करायचे ते पाहण्यासाठी ते शेजाऱ्याच्या वहीपाशी जातात. म्हणजे काम करू पाहणाऱ्या मुलांनाच मी शिक्षा करत होते. उलट चौथीतील एक हुशार मुलगी शेजारणीला हळू आवाजात सतत टोचून बोलते, ती शेजारीण दोनदा रडली, तरी त्या मुलीचे नाव एकदाही फळ्यावर आलेले नाही. तिचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि वर्गमंत्री तिच्याच वाडीतला आहे.

चौघांतल्या तिसऱ्या मुलाविषयी मला मुख्यतः विचारायचे आहे. तो तिसरीत आहे. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे शाळा सुरू झाल्यावर पहिला दीड महिना त्याचे वडील घरी होते आणि त्या काळात त्याची एकही तक्रार नव्हती. ऑगस्टमध्ये वडील खलाशी म्हणून बोटीवर गेले. आई सकाळच्या लिलावासाठी बंदरावर जाते. धाकट्या बहिणीला उठवून, तिची वेणी घालून, तिला अंगणवाडीत सोडून तो शाळेत येतो, आणि पुष्कळदा काही न खाता येतो. वहीत त्याच्या नऊ नोंदी आहेत आणि त्यांपैकी सात नोंदी दुपारी बारा ते एक या वेळेतल्या, म्हणजे शालेय पोषण आहाराच्या आधीच्या आहेत.

हे कळल्यावर मी त्याचा खेळाचा तास बंद करणे थांबवले. पुढच्याच आठवड्यात त्याने एका मुलाला पट्टीने मारले. त्या मुलाचे वडील शाळेत आले आणि शांतपणे म्हणाले, “बाई, माझ्या मुलाने मारलं असतं तर त्याचा खेळ बंद झाला असता. मग याचा का नाही?” मला उत्तर देता आले नाही. त्यांचे म्हणणे मला चूक वाटले नाही, आणि दुसऱ्याच्या घरची परिस्थिती त्यांच्यापुढे उघड करणेही योग्य वाटले नाही.

नियम एकच ठेवून त्याचा परिणाम मुलागणिक वेगळा ठेवला तर तो पक्षपात होतो का? होत नसेल, तर आठ-दहा वर्षांच्या मुलांना आणि पालकांना हे कसे समजवावे? आणखी एक शंका आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे. फळ्यावर नाव लिहिणे त्यात मोडते का?

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक, मालवण तालुका

बाई, शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मुलाला टोमणे मारणे आणि लाजवणे हे मानसिक छळातच धरलेले आहे. रोज त्याच मुलाचे नाव दिवसभर सर्वांसमोर राहिले, तर ते लाजवणे नव्हे असे मी म्हणू शकणार नाही. ते उद्यापासून बंद करावे. नावे लिहिण्याचा अधिकार मुलाच्या हाती तर कधीच देऊ नये. वर्गमंत्र्याला त्याच्या वाडीत, त्याच मित्रांत राहायचे असते, आणि न्याय करण्याचे ओझे आपण त्याच्या डोक्यावर ठेवतो.

खेळाचा तास हिरावून घेणे मला शिक्षा म्हणूनही मान्य नाही. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, त्यालाच त्या तासाची सर्वांत जास्त गरज असते. त्याऐवजी सर्वांसाठी एकच परिणाम ठेवावा: जे मोडले ते मोडणाऱ्याने सावरायचे. ज्याला मारले त्याच्याजवळ बसून त्याला काय हवे आहे ते विचारायचे आणि ते करून द्यायचे. वही फाडली असेल तर चिकटवायची, आखून द्यायची. कोळ्याचा मुलगा असो वा बागायतदाराचा, यात सूट नाही. मुलाला जी मदत लागते ती मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती सारखी वाटायची नसते. पावसाळ्यात साकव ओलांडताना आपण पहिलीतल्या मुलाचा हात धरतो आणि चौथीतल्याला चालू देतो, तेव्हा कोणीही पक्षपात झाला असे म्हणत नाही. वर्गाला हे याच शब्दांत सांगावे; मुलांना ते कळते.

प्रतिसाद: शिक्षिका, राजापूर तालुका

सरांशी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत नाही. ज्या मुलाने मार खाल्ला, त्याला त्याच दिवशी मारणाऱ्याजवळ बसवू नये. त्याची भीती आधी जाऊ द्यावी, आणि जवळ बसायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. नाहीतर सावरण्याच्या निमित्ताने त्याच्यावरच दुसरे ओझे येते. त्या वडिलांचा खरा प्रश्नही मला हाच वाटतो. आपला मुलगा शाळेत सुरक्षित आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. दुसऱ्या मुलाविषयी काहीही न सांगता आपण त्यांना एवढे सांगू शकता की, बारा ते एक या वेळेत मी दोघांच्या मध्ये असेन, बसण्याच्या जागा बदलल्या आहेत आणि पंधरा दिवसांनी मी स्वतः आपल्याला भेटेन. मग ते पाळावे. भेट चुकली की विश्वास गेला.

माझ्या वर्गातही चिरेखाणीवरची मुले आहेत. सूचना तोंडी देण्याबरोबर मी ती करून दाखवते, आणि कामाचे चित्र फळ्यावर काढून ठेवते. ‘बा’, ‘नोडु’, ‘केळु’, म्हणजे ये, पाहा, ऐक, एवढे तीन कानडी शब्द मी शिकले, तेव्हा जागा सोडण्याचे प्रमाण आपोआप घटले. ‘जागा सोडायची नाही’ हा नियमच जोडवर्गात जाचक आहे, असे माझे मत झाले आहे. ‘अडले तर उठून विचारायचे, पण कुजबुजत’ असा बदल करून पाहावा.

धागाकर्तीकडून, तीन आठवड्यांनंतर

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. फळ्यावरची नावे त्याच दिवशी पुसली. नियम वर्गात पुन्हा चर्चेला घेतले आणि जागा सोडण्याचा नियम मॅडमनी सुचवल्याप्रमाणे बदलला. कानडी मुलांच्या नावावर त्यानंतर एकच नोंद आहे, तीही खऱ्या भांडणाची.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान 75 टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे मी कोणाचेही नाव न घेता मुले उपाशी येतात हा विषय तिथे मांडला. आता वर्गात कुरमुरे, शेंगदाणे आणि गुळाचा एक डबा असतो. छोट्या सुटीत ज्याला हवे त्याने घ्यावे, कोणी कोणाला विचारायचे नाही, असे ठरले आहे. डबा सर्वांसाठी उघडा असल्यामुळे तो मुलगा वेगळा पडत नाही. तीन आठवड्यांत त्याच्या चार नोंदी झाल्या. एकदा त्याने ढकलून एकाचे दप्तर चिखलात पाडले, आणि दुसऱ्या दिवशी ते धुऊन, वाळवून आणून दिले. पट्टीचा मार खाल्लेल्या मुलाच्या वडिलांना ठरल्याप्रमाणे भेटले. त्यांचे पूर्ण समाधान झालेले नाही, पण पुढची भेट त्यांनीच मागितली.

टोचून बोलणाऱ्या त्या मुलीचे मात्र मला जमलेले नाही. जागा बदलली, तर नव्या शेजारणीशीही तेच सुरू झाले. एकटीला बसवून विचारले, तेव्हा तिने सरळ नाकारले, आणि मी स्वतः ऐकलेले काहीच नसल्यामुळे मला पुढे बोलता आले नाही. तिची आई समितीची सदस्य आहे आणि शाळेच्या प्रत्येक कामात पुढे असते, त्यामुळे आपण टाळाटाळ करत आहोत का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. ज्या त्रासाचा आवाज होत नाही आणि खूणही राहत नाही, त्याची नोंद आपण कशी ठेवता, आणि अशा मुलीच्या आईशी पहिले वाक्य काय बोलता, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?