मदत हवी आहे: समलिंगी पात्रं असलेली मराठी कथा किंवा मालिका

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात या विषयावर चर्चा आहे. विजय तेंडुलकरांचं नाटक ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) आणि सचिन कुंडलकरांची कादंबरी ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) वाचून झालं. पण नाटकातली सुमित्रा आत्महत्या करते, कादंबरीतल्या तनयच्या वाट्याला विरह येतो. ‘साबर बोंडं’मधले आनंद आणि बाळ्या पाहिल्यावर (२०२५ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळालेला सिनेमा) वाटलं, असं प्रेम छापील मराठीतही असणारच. गटात साठीच्या पुढचेही आहेत, त्यांना पडद्यावरची बायकी लकबींची टिंगल तेवढी माहीत आहे. म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अनुवाद नको, एका बैठकीत वाचून होईल एवढीच कथा हवी. समलिंगी पात्र साधं नांदतंय, शेवटी मरत नाही, अशी कथा कुठल्या संग्रहात किंवा दिवाळी अंकात सापडेल? आणि मराठी मालिकेत असं पात्र कुणी पाहिलंय का?