अनुवादात राहू की वाट बदलू?

अर्धविराम:
इंग्रजीत एम.ए. केलं, चार वर्षं मराठी अनुवाद करतेय. एक एजन्सी शब्दाला नव्वद पैसे द्यायची. आता मशीनचा मजकूर पाठवते, 'नुसता तपासून द्या' म्हणते आणि पस्तीस पैसे देते. पण जास्त खातं ते वेगळंच. कधीकधी मशीनचं वाक्य माझ्यापेक्षा सरस असतं. मग वाटतं, चार वर्षं मी केलं तरी काय? वय २७. घरचे म्हणतात, बी.एड. कर. मला कायद्याच्या अनुवादाकडे वळायचंय, त्यासाठी तीन वर्षांचं एलएल.बी. करायची तयारी आहे. करू का?

कोकणकडा:
राग मानू नका, पण करू नका. २०१७ मध्ये गूगलने मराठीसाठी न्यूरल अनुवाद आणला तेव्हा आम्ही अनुवादक त्याच्या चुका एकमेकांना दाखवून हसायचो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि हसणं थांबलं. सर्वोच्च न्यायालयाने तर २०१९ मध्येच 'सुवास' हे अनुवादाचं सॉफ्टवेअर आणलंय, त्यात मराठीही आहे. म्हणजे तुम्ही निघालात तिथे मशीन आधीच जाऊन बसलंय. बी.एड. करा. वर्गात पोरांसमोर माणूसच लागतो.

तालुका_कोर्ट:
'सुवास'चा मसुदाही माणसाला तपासावा लागतो. का, ते मागच्या महिन्यात माझ्या टेबलावर दिसलं. जमिनीच्या दाव्यासाठी सातबाऱ्याचं इंग्रजी हवं होतं, अशिलाचा मुलगा मोबाइलवर करून घेऊन आला. 'इतर हक्क'मध्ये कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची नोंद. मशीनने कूळ म्हणजे घराणं धरलं! १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. अख्खा दावा त्या एका शब्दावर उभा. आणि इंग्रजी इतकं सफाईदार की पोराला शंकासुद्धा आली नाही. उलट बाजूने 'टेनंट'चा भाडेकरू होतो. ताई, हे पकडायला नुसती भाषा पुरत नाही. एलएल.बी. कराच.

कोकणकडा:
उदाहरण पटलं. पण ती चूक उद्या दुरुस्त होईल, मग? आणि तालुक्याला अशा कामाचे पैसे किती सुटतात, तेही सांगा की.

तालुका_कोर्ट:
फार नाही. पानावर ठरतात, त्यातही अशील घासाघीस करतो. म्हणूनच सनद घ्या म्हणतोय. वकिलीच्या जोडीला अनुवाद.

जुना_जुळारी:
मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी आली तेव्हा माउस धरताना हात थरथरायचा. माझा जोडीदार माझ्याहून हुशार, डोळे मिटून खाचेतला खिळा काढायचा. तो शिकला नाही, मी शिकलो. पुढे युनिकोड आलं, जुन्या फाइली उघडल्या की नुसती चिन्हं. पुन्हा शिकलो. खिळ्यांच्या काळातला मान काही परत मिळाला नाही, हेही खरं. पण एक विचारतो, ताई. मशीनचं वाक्य सरस आहे हे तुम्हाला आज कळतं. चार वर्षांपूर्वी कळलं असतं?

अर्धविराम:
नसतं कळलं, काका. दोनदा वाचला तुमचा प्रतिसाद.
कोकणकडा, पैशांचं तुमचं म्हणणं खोडता येत नाही. म्हणून सकाळचं कॉलेज मिळालं तरच एलएल.बी., दुपारी पस्तीस पैशांचं काम चालू ठेवेन. नाही मिळालं तर बी.एड.चा अर्ज भरते.
तालुका_कोर्ट दादा, तो सातबारा नावं झाकून पाठवाल का? आधी स्वतः करते, मग मशीनचा उघडते.